मत राखून ठेवले आहे

ठाकूरद्वारची आमची चाळ पुनर्विकासाला गेली तेव्हा माझ्या वाट्याला माळा आला. कपाटं, भांडी, देव्हारा आधीच वाटून झालं होतं. माळ्यावर तांब्याचे दोन हंडे होते, मखराचे तुकडे होते, कुणाच्या तरी बारशाचा पाळणा होता, आणि सगळ्याच्या मागे भिंतीला लागून काळी पत्र्याची ट्रंक. तिच्यावर पांढऱ्या रंगात हुद्दा, नंबर आणि आमचं आडनाव. ती तिथे आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं. उघडत कुणी नसे.

ट्रंक भाऊआजोबांची, म्हणजे माझ्या आजोबांच्या धाकट्या भावाची. मी त्यांना पाहिलेलं नाही. १९४३ च्या सप्टेंबरात गणपती उठल्यावर चारच दिवसांनी तार आली. प्रशिक्षणाच्या विमानाला अपघात, दोघेही मृत. भाऊआजोबा पस्तीस वर्षांचे होते. ते वैमानिक नव्हते. विमानशाळेचे डॉक्टर होते, आणि त्याआधी आठ वर्षं मुंबईत पोलीस सर्जनच्या हाताखाली शवविच्छेदनं करत होते.

मीही तेच काम केलं. पालिकेच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात न्यायवैद्यक शिकवलं आणि एकतीस वर्षं टेबलापाशी उभी राहिले. नातेवाईक म्हणत, भाऊंचा वारसा चालवलास. खरं तर मी या विषयाकडे वळले ती वारसा म्हणून नाही. आमच्या घरात एका मरणाबद्दल एक वाक्य ऐंशी वर्षं फिरत होतं. ते खरं की खोटं हे तपासायची रीत जगात असलीच पाहिजे, असं मला लहानपणापासून वाटायचं. त्या वाक्याबद्दलच लिहायचं आहे.

आधी भाऊआजोबांच्या कामाबद्दल थोडं, कारण आता ती मुंबई उरली नाही. मुंबई आणि कलकत्ता या दोन शहरांना १८७१ च्या कायद्याने कॉरोनर होता. मृत्यू संशयास्पद असला, अपघाती असला, एकाएकी आलेला असला, तर चौकशी कॉरोनरच्या कोर्टात व्हायची, ज्यूरी बसायची आणि डॉक्टर साक्षीला उभा राहायचा. मी नोकरीला लागले तेव्हा ते कोर्ट चालू होतं. १९९९ मध्ये ते बंद झालं आणि सगळं बाकीच्या महाराष्ट्रासारखं पोलिसांच्या पंचनाम्यावर आलं. मला ते कोर्ट आवडायचं. मेलेल्याचे नातेवाईक समोर बाकावर बसलेले असायचे आणि डॉक्टरला त्यांच्यादेखत, त्यांना कळेल असं बोलावं लागायचं. भाऊआजोबा तिथे मराठीत बोलायचे, ज्यूरीसाठी इंग्रजीत आणि बाकावरच्या बाईसाठी पुन्हा मराठीत, असं माझे वडील सांगायचे. वडील लहान असताना एकदा त्यांच्याबरोबर गेले होते.

१९४२ मध्ये सैन्याला डॉक्टर कमी पडत होते. इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये तात्पुरती कमिशनं निघाली आणि भाऊआजोबांनी अर्ज केला. का केला, यावर घरात दोन मतं आहेत. आजोबा म्हणायचे पगारासाठी. माईआजी, म्हणजे त्यांची बायको, म्हणायची, "मेलेल्यांना कंटाळले होते. जिवंत माणसं तपासायची होती त्यांना." मला माईआजीचं पटतं. मीही काही वर्षं त्या कंटाळ्यातून गेले आहे. त्याला कंटाळा म्हणणंही बरोबर नाही. रोज उशिरा पोचल्यासारखं वाटत राहतं.

त्यांना दक्षिणेतल्या एका विमानशाळेवर पाठवलं. नवशिके वैमानिक तिथे टायगर मॉथवर शिकायचे. दोन पंखांचं, लाकूड-कापडाचं, एकशेतीस अश्वशक्तीच्या इंजिनाचं विमान. बसायच्या जागा उघड्या, एकामागे एक. शिक्षक पुढे आणि शिकणारा मागे. बोलायला नळी, कारण रेडिओ नाही. विमान चालवायचा दांडा दोन्हीकडे, पायातले सुकाणूचे दांडेही दोन्हीकडे, त्यामुळे कुणीही कधीही विमान हातात घेऊ शकतो. आणि एकट्याने उडवायचं तर वैमानिक मागच्याच जागेवर बसतो, पुढची रिकामी. हे सगळं इतक्या बारकाईने सांगतेय कारण पुढे लागणार आहे.

तिथून त्यांची पत्रं येत. सेन्सॉर असल्यामुळे गावाचं नाव नाही, पावसाचं वर्णन मात्र असायचं. एका पत्रातलं वाक्य माईआजीला पाठ होतं: "पोरं चक्कर येते ते लपवतात, सांगितलं तर काढून टाकतील म्हणून. वर काय होतं ते मला वर गेल्याशिवाय कळणार नाही." तर डॉक्टर वर जायला लागले. कुणी मोकळा वैमानिक असला की पुढच्या जागेवर बसून एक फेरी.

शेवटच्या फेरीला मागे बावीस वर्षांचा पंजाबी मुलगा होता. विमान उतरायला वळत असताना कमी उंचीवर गिरकीत गेलं. वेग कमी झालेला आणि वळण आवळलेलं असलं की एका बाजूचे पंख हवेची पकड सोडतात आणि विमान त्या कुशीवर फिरत खाली येतं. उंची असेल तर सावरता येतं. यांना नव्हती. आग लागली नाही.

अधिकाऱ्याचं पत्र आलं त्यात लिहिलं होतं की मृत्यू तात्काळ आला, वेदना झाल्या नसतील. हे वाक्य मी स्वतः किती बायकांना, किती आईबापांना म्हटलं असेल. पुष्कळदा खरं होतं म्हणून म्हटलं, काही वेळा खरं नसताना म्हटलं. त्यामुळे ते पत्र वाचताना मी त्या वाक्यावर थांबत नाही. त्यात खाली लिहिलं होतं की वैमानिक आपल्या आईचा एकुलता एक मुलगा होता. ते कशाला लिहिलं असेल! पण लिहिलं, आणि माईआजीने ते जन्मभर उराशी धरलं.

आता ते वाक्य. तार आल्यानंतर चारेक महिन्यांनी त्या विमानशाळेवरचा एक कंपाउंडर सुट्टीवर मुंबईला आला आणि भेटायला घरी आला. चहा घेतला, माईआजीपुढे चार शब्द बोलला. जाताना जिन्यात आजोबांना म्हणाला, "डॉक्टरसाहेबांना दांडा हातात घ्यायची फार हौस होती."

माझे वडील तेव्हा दहा वर्षांचे, जिन्यातच गोट्या खेळत होते. त्यांनी ते कानाने ऐकलं. म्हणून मला हे वाक्य जसंच्या तसं माहीत आहे. कारण पहिल्या मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत ते बदललं होतं. आजोबांनी आजीला सांगितलं, "दांडा भाऊच्या हातात होता म्हणे." आजीने शेजारी सांगितलं, "भाऊभावोजींनीच विमान पाडलं." आणि माईआजीपर्यंत आलं ते असं आलं: तुझ्या नवऱ्याने नसता हट्ट केला आणि परक्याचा एकुलता एक पोरगा बरोबर नेला.

साक्षीदाराचं वाक्य जबाबात उतरताना कसं बदलतं, हे मी विद्यार्थ्यांना दरवर्षी शिकवायचे. उदाहरण हेच द्यायचे, नावं न घेता. "हौस होती" आणि "हातात होता" यांच्यामध्ये एक पूर्ण अपघात बसतो.

माईआजी एकोणतिसाव्या वर्षी विधवा झाली, पदरात चार वर्षांची मुलगी. ती कधी भांडली नाही, कधी म्हणाली नाही की असं नसेल. तिने एकच केलं. भाऊआजोबांच्या तिथीला आमच्याकडे श्राद्ध व्हायचं, माझे आजोबा करायचे. माईआजी त्या दिवशी दोन पानं जास्तीची वाढायची. एक भाऊंचं, ते रीतीप्रमाणे जायचं तिथे जायचं. दुसऱ्या पानावर ती वाडीतला एखादा विशीतला मुलगा बोलावून बसवायची. कुणीही असो, छापखान्यातला, गिरणीतला, एकदा तर इस्त्रीवाल्याचा भाचा. त्याच्यासमोर बसून त्याला पोटभर जेवू घालायची. वाढताना बोलायची नाही. आम्हा मुलांना वाटायचं हे असंच असतं, प्रत्येकाच्या घरी श्राद्धाला एक दादा जेवायला येतो. ते पान कुणाचं, हे मला मी एमबीबीएसला असताना वडिलांनी सांगितलं.

१९४४ च्या १४ एप्रिलला गोदीत स्फोट झाला, फोर्ट स्टिकिन जहाजावरचा. व्हिक्टोरिया डॉकमध्ये उभ्या असलेल्या त्या जहाजात कापूस आणि चौदाशे टनांच्या आसपास स्फोटकं एकाच पोटात भरली होती. दुपारी चार वाजून गेल्यावर गिरगावात आमच्या खिडक्यांच्या काचा फुटून आत आल्या. भाऊंना जाऊन सात महिने झाले होते. शेकडो माणसं गेली. ओळख न पटलेली प्रेतं रांगेने होती, आणि भाऊआजोबांच्या जुन्या खात्यातला एक हवालदार आजोबांना येऊन म्हणाला, डॉक्टर असते तर हाताला हात लागला असता. आजोबा त्या दिवशी भावासाठी पहिल्यांदा रडले, असं आजी सांगायची.

दुसरा प्रसंग मी स्वतः पाहिलेला. १ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचं 'सम्राट अशोक' दुबईला निघालं आणि सांताक्रूझहून उडताच वांद्र्याच्या समुद्रात पडलं. २१३ माणसं. पुढे चौकशीत निघालं की कॅप्टनसमोरचं, विमान किती कललं आहे ते दाखवणारं उपकरण बिघडलं होतं. बाहेर अंधार, खाली समुद्र, डोळ्यांना क्षितिज नाही. मी तेव्हा चौदा वर्षांची. वर्तमानपत्रात पहिल्यापासून वैमानिकाचं नाव होतं. माईआजी ते वाचून वडिलांना म्हणाली, "त्याच्या घरी कोण आहे? त्यांना कुणी सांगा, अजून ठरलेलं नाही म्हणावं." मी तिच्या शेजारी बसले होते. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की तिच्या मनातही ते ठरलेलं नव्हतं.

आमच्या विषयात विमान अपघाताचं शास्त्र उशिरा आलं. १९५४ च्या जानेवारीत एल्बा बेटाजवळ कॉमेट नावाचं प्रवासी विमान पडलं, ३५ माणसं. इटलीतल्या पिसाच्या डॉ. अन्तोनियो फोर्नारी यांनी प्रेतं तपासली आणि फाटलेली फुप्फुसं, फुटलेल्या कवट्या पाहून सांगितलं की विमानातली हवा एका झटक्यात बाहेर गेली असली पाहिजे. अवशेष समुद्रातून काढून जुळवण्याच्या आधी शरीरांनी कारण सांगितलं होतं. त्यानंतर जगाला पटलं की विमान का पडलं हे मयताला विचारता येतं. भाऊआजोबा त्याच्या दहा वर्षं आधी गेले. मुंबईत ज्यांनी ट्रामखाली, गिरणीच्या पट्ट्यात गेलेल्या प्रत्येकाला "तू कसा गेलास?" विचारलं, त्यांना ते कुणी विचारलं नाही. युद्ध चालू होतं, दोन माणसं गेली, दुसऱ्या दिवशी दुसरं विमान उडालं. त्यांच्या शवविच्छेदनाचा कागद नाही. दहन तिथेच झालं.

विचारलं असतं तर काय पाहिलं असतं? हात आणि पाय. आमच्याकडे मोटारसायकलच्या अपघातात हाच प्रश्न रोज येतो: चालवत कोण होतं, मागे कोण होतं? दोघेही गेलेले असतात, विम्याचे पैसे त्यावर अडलेले असतात, आणि प्रत्येक बाप म्हणतो, माझा मुलगा मागे बसला होता. मग आम्ही पाहतो की कुणाच्या अंगठ्याच्या मुळाशी मार आहे, कुणाच्या मांड्यांच्या आतल्या बाजूला टाकीचा मार आहे. ज्याने हँडल धरलेलं असतं त्याचा हात ते सांगतो. विमानातही तसंच. आदळताना दांडा मुठीत असेल तर अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली त्वचा फाटते, हाताची बारीक हाडं मोडतात. पाय सुकाणूवर असतील तर तळव्याला आणि घोट्याला कळतं. दरवेळी नेमकं उत्तर मिळतंच असं नाही, पण प्रश्न विचारलेला असतो.

मागच्या वर्षी माळ्यावरून ट्रंक खाली आणली. भावाने कुलूप करवतीने कापलं. वरच टंकलेली यादी होती, मयताच्या सामानाची, लष्करी पद्धतीने उलट लिहिलेली. बूट, तपकिरी, जोड एक. घड्याळ, मनगटी, एक. (ते माईआजीने आत्याच्या मॅट्रिकच्या वेळी विकलं होतं.) वही, खिशातली, एक. पेन्सिल, एक. हातमोजा, चामड्याचा, डावा, एक.

मी ती ओळ तीनदा वाचली. मग सवयीने हात धुतले आणि सगळं जेवणाच्या टेबलावर पांढऱ्या चादरीवर मांडलं. वहिनी म्हणाली, "अगं, इथे आपण जेवतो." पण तीही मग तिथेच उभी राहिली.

वही आधी. पहिला अर्धा भाग मुंबईचा. मयत पुरुष, अंदाजे तीस, भायखळा. मयत स्त्री, पंचवीस, भाजलेली. हृदय दहा औंस. यकृत, प्लीहा, पोटातलं अन्न. प्रत्येक ओळीपुढे पूर्णविराम, शाळामास्तरासारखा. मग काही कोरी पानं, आणि मग विमानशाळा. शेवटच्या लिहिलेल्या पानावर त्या दिवशीची तारीख आहे. जमिनीवर, नाडी ७६. हजार फूट, ८४. तीन हजार, ९२, डोकं ठीक. वळणात, १०४, कानात दडा. परत सरळ, ८८. अक्षर इंजिनाच्या थरथरीने दातेरी झालेलं आहे, पण शेवटच्या ओळीपुढेही पूर्णविराम आहे. ही नाडी त्यांची स्वतःची. एकामागे एक बसलेल्या विमानात दुसऱ्या कुणाची मोजता येत नाही.

मग मोजा. भिंग घेऊन पाहिला. चामडं वाळून पापडासारखं झालंय. अंगठा आणि तर्जनीच्या मधली शिवण शाबूत. तळवा शाबूत. मनगटाची पट्टी उलटी दुमडलेली आहे आणि ती घडी इतकी जुनी आहे की सरळ करायला गेले तर तुटेल. मनगटावरच्या घड्याळात बघायचं आणि तिथेच नाडीवर बोटं ठेवायची, तर डाव्या मोज्याची पट्टी अशीच दुमडावी लागते. आणि उजवा मोजा काढावा लागतो, कारण जाड चामड्यातून नाडी लागत नाही, पेन्सिलही धरता येत नाही.

उजवा मोजा यादीत नाही.

हे मी कोर्टात कसं सांगितलं असतं ते मला चांगलं माहीत आहे. उलटतपासणीत वकील पहिल्या मिनिटाला विचारेल: डॉक्टर, मोजा आदळताना हातात होता की खिशात? डॉक्टर, शेवटची नोंद आणि अपघात यांच्यात किती वेळ गेला? तेवढ्या वेळात वही खिशात ठेवून दांडा धरता येत नाही का? येतो. मी "नाही" म्हणू शकत नाही. मी म्हणेन की मिळालेल्या वस्तू, मयत व्यक्ती आपली नाडी मोजून टिपत होती आणि तिच्या हातात दांडा नव्हता, या गोष्टीशी सुसंगत आहेत. सुसंगत, सिद्ध नाही. आणि त्या मुलावर मी काहीही ढकलणार नाही. बावीस वर्षांचा, पावसाळी हवा, खाली चिखल झालेलं मैदान. त्याच्या हातापायांकडेही कुणी पाहिलं नव्हतं.

आमच्याकडे नक्की कारण सांगता येत नसलं की विसेरा, म्हणजे पोटातल्या अवयवांचे नमुने, कालिन्याच्या प्रयोगशाळेला जातो आणि कागदावर आपण लिहितो, मत राखून ठेवले आहे. लोकांना त्याचा राग येतो. मी ते हजारो वेळा लिहिलं आहे आणि प्रत्येक वेळी मला ते प्रामाणिक वाटलं आहे. आमच्या घराने भाऊआजोबांच्या बाबतीत तेवढंही केलं नाही, जिन्यातल्या एका वाक्यावर निकाल दिला. माईआजी १९९६ मध्ये गेली. ही ट्रंक तिच्या डोक्यावर, तिच्या माळ्यावर होती आणि त्यात हा मोजा होता. तिला कुणी सांगितलं असतं की यात बघण्यासारखं काही आहे, तर तिने उघडली असती का? मी सांगायला हवं होतं. मी तोवर आठ वर्षं नोकरीत होते, मला कळायला हवं होतं.

एक दुवा राहिला होता. भाऊआजोबा डावरे असतील तर मोज्याचं सगळं गणित उलटं होतं. हे विचारायला आता एकच माणूस उरलं आहे, त्यांची मुलगी, माझी चुलत आत्या. पंच्याऐंशी वर्षांची, पार्ल्याला असते. मी मोजा मऊ कापडात गुंडाळून घेऊन गेले, पण आधी दाखवला नाही. साक्षीदाराला आधी वस्तू दाखवली की आठवण वस्तूसारखी होते. नुसतं विचारलं, "आत्या, भाऊ लिहायचे कोणत्या हाताने, आठवतं का गं?"

ती म्हणाली, मी चार वर्षांची होते, मला काय आठवणार. मग गप्प झाली. पंखा फिरत होता, खाली भाजीवाला ओरडत होता. थोड्या वेळाने तिने आपला डावा हात वाकवून कंबरेशी धरला, कुणाला तरी कडेवर घ्यावं तसा, आणि उजवा हात पुढे करून मांडीवर सावकाश काहीतरी लिहायला लागली.

"मी इथे असायचे," डाव्या हाताकडे बघत ती म्हणाली. "आणि ते असे."

मी कापड सोडलं.